खाड्या मोजून आखलेली वाट

मांडव्यापासून तेरेखोलपर्यंत किनाऱ्याच्या रस्त्यानं पाचशेच्या आसपास किलोमीटर भरतात. सायकल सहलीची आखणी सुरू झाली की सोबतचे सगळे या आकड्याला दिवसांनी भागायला बसतात. पुण्यात रविवारी सकाळी सहज सत्तर-ऐंशी किलोमीटर होतात, मग कोकणात रोज साठ कसले जड, असा तो हिशोब. मी मात्र पहिल्या संध्याकाळी किलोमीटरचा विषय बाजूला ठेवायला सांगतो. कोकणात खाड्या मोजायच्या.

याचं कारण जमिनीत आहे. किनाऱ्यालगतचा जांभ्याचा सडा वरून सपाट दिसतो, पण सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्यांनी आणि त्यांच्यामधल्या असंख्य पऱ्ह्यांनी तो जागोजाग चिरला आहे. वस्ती खाली, नारळी-पोफळीच्या बागा खाली, पूल आणि जेटीही खाली. रस्ता मात्र एका गावातून दुसऱ्या गावात जायला सड्यावर चढतो आणि पलीकडे पुन्हा समुद्रसपाटीला उतरतो. एकेक चढ शंभर-सव्वाशे मीटर उंचीचा. दिवसात असे पाच-सहा आले की सिंहगडाचा घाट पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढल्याइतकी उंची पायांतून जाते, तीही सामानासकट आणि दमट हवेत. सिंहगडावर पोचलं की पुढे उतारच असतो. इथे प्रत्येक उताराच्या तळाशी पुढचा चढ उभा असतो.

आखणीसाठी मी दोन नकाशे शेजारी ठेवतो, एक रस्त्यांचा आणि दुसरा उंचीच्या रेषांचा. कागदाची लांब पट्टी घेऊन तिच्यावर उत्तर-दक्षिण रेघ ओढतो आणि आधी फक्त पाणी ओलांडायच्या जागा लिहितो. रेवदंडा-साळावचा पूल. आगरदांडा-दिघी फेरीबोट. बागमांडला-वेश्वी फेरीबोट. आंजर्ल्याचा पूल. दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड, पुन्हा फेरीबोटी. मग आरे-वारे, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, देवगडजवळ मिठमुंबरी, आचरा, मालवणच्या तोंडाशी कोळंब. शेवटी तेरेखोल. गावांची नावं, मुक्काम, देवळं, किल्ले हे सगळं नंतर. दोन पाण्यांमधला तुकडा हे या सहलीचं खरं माप, आणि असे दोन मोठे किंवा तीन मध्यम तुकडे म्हणजे एक दिवस. कुठे तो दिवस सत्तर किलोमीटरांचा होतो, कुठे चाळिशीतच संपतो. अलिबाग ते मुरूड हे पन्नासेक किलोमीटर बरेचसे पाण्याच्या कडेनं जातात, पहिल्या दिवसाला योग्य. गुहागरच्या दक्षिणेला वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला जाणारा तुकडा अंतरानं छोटा आहे, पण मी त्याला पूर्ण सकाळ देतो.

फेरीबोटींबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण सगळी आखणी त्यांच्यावर टांगलेली असते. दाभोळ-धोपावे फेरी २००३ साली सुरू झाली आणि किनाऱ्यानं जाणाऱ्यांचं आयुष्य बदललं. ती बंद असेल तर दाभोळहून दापोली, खेड, चिपळूण करत गुहागर गाठायचं, म्हणजे शंभर किलोमीटरांहून मोठा वळसा, त्यातला काही भाग महामार्गावर ट्रकांच्या सोबतीनं. तवसाळ-जयगडला पर्याय म्हणून भातगावचा पूल आहे, तो वळसा त्या मानानं सुसह्य. बागमांडल्याला अडलं तर आंबेतकडे वर चढावं लागतं. म्हणून पट्टीवर प्रत्येक फेरीच्या खाली मी तिचा रस्त्याचा पर्याय आणि त्याला लागणारे तास लिहितो, आणि निघायच्या आदल्या आठवड्यात जेटीवर फोन करून फेऱ्या चालू आहेत ना हे विचारतो.

रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचं काम आता जोरात आहे आणि या खाड्यांवर मोठे पूल येऊ घातले आहेत. पलीकडच्या तीरावर दवाखाना किंवा कॉलेज असलेल्या माणसाला पूल हवाच, त्याबद्दल दुमत नाही. तरी सायकलवाल्यानं फेऱ्या चालू आहेत तोवर ही वाट करावी असं मला मनापासून वाटतं. बोटीवर सक्तीची विश्रांती मिळते, घाम वाळतो, आणि शेजारी मोटारसायकलीला टेकलेला गावकरी पुढच्या रस्त्याची जी माहिती देतो ती कुठल्याही नकाशात नसते. कुठे खडी पसरली आहे, कुठे मोरी खचली आहे, कुठल्या वळणावर उतार अचानक मोडतो. हे कळल्यावर मी बोटीतच पट्टी काढून खुणा करतो.

आता महिना. ही सहल शरदातली. शरद ऋतू दोन महिन्यांचा, पण सायकलसाठी त्याचे दोन्ही अर्धे सारखे नाहीत. मोसमी पाऊस कोकणातून साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात निरोप घेतो. त्यानंतरचे दिवस दिसायला सुंदर, सड्यांवरचं गवत सोनेरी होऊ लागलेलं, भातकापणी चालू. पण दुपारी उकाडा आणि तिसऱ्या प्रहरी गडगडाट. सड्यावर आडोसा नसतो. मैलभर उघड्या कातळावर सगळ्यात उंच वस्तू सायकलस्वारच असतो, आणि विजांच्या वेळी तिथे असणं ही चेष्टा नव्हे. ऑक्टोबरात निघणाऱ्यांनी दुपारी दोननंतर सड्यावर पाऊल ठेवायचं नाही, हा नियम मी मोडू देत नाही.

माझी पसंती कार्तिकाला, त्यातही त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपासच्या दिवसांना. दिवाळीची गर्दी ओसरत आलेली असते, खोल्या मिळतात, गाड्यांचे ताफे कमी होतात. सकाळच्या हवेत थोडी शिरशिरी येते. दापोलीच्या पठारावर तर पातळ जाकीट लागतं. दुपारी मात्र पारा बत्तीस-तेहतिसाला जातोच. पौर्णिमेचा आणखी एक हिशोब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे किनाऱ्यावर कुणीही सांगेल: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला अकरा-साडेअकरा. त्यापासून सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या आगेमागे पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमाराला वाळू उघडी पडलेली, ओली आणि घट्ट असते. दिवेआगर किंवा गुहागरच्या लांबलचक पुळणीवर मैलभर सायकल चालवायची हौस त्या वेळी भागवता येते. मुक्कामी पोचल्याबरोबर गोड्या पाण्यानं साखळी धुऊन, पुसून, तेल द्यायचं. खारं पाणी रात्रभर राहिलं तर सकाळी कड्यांवर तांबूस गंज दिसतो. आणि सिंधुदुर्गात पोचेपर्यंत दशावताराचे खेळ सुरू झालेले असतात. वेंगुर्ले तालुक्यातली एखादी जत्रा वाटेत येत असेल तर तिथला मुक्काम वाढवावा आणि दुसऱ्या दिवशी उशिरा निघावं. रात्रभर नाटक पाहून पहाटे चढ चढवत नाही.

दिवसाच्या आत तास कसे बसवायचे, ते वारा ठरवतो. पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे मंद वाहतात. सकाळी दहा-अकरानंतर खारे वारे उठतात, आणि दुपारपर्यंत त्यांचा रोख वायव्येकडून होतो. उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीला हा वारा लागतो, उलट येणाऱ्याच्या तोंडावर. एक गोष्ट मात्र दक्षिणेकडे जाताना गमवावी लागते: आपण रस्त्याच्या डाव्या, डोंगराकडच्या अंगाला असतो आणि समुद्र पलीकडे. आरे-वारेच्या वळणांवर हे जाणवतं. तेवढ्यासाठी गोव्याहून वर येणारे मित्र मला आहेत. मी वाऱ्याच्या बाजूनं.

नोव्हेंबरच्या मध्यात सूर्य पावणेसातला उगवतो आणि सहाला मावळतो. सव्वासहाला, फटफटताना, निघायचं. मोठे चढ साडेदहाच्या आत संपवायचे. अकरा ते तीन सावली, जेवण, डुलकी. मग संध्याकाळचा छोटा तुकडा, शक्यतो उताराचा. मुक्काम खाली गावात असल्यानं शेवटी उतार आपोआप मिळतो, पण त्याच कारणानं दुसऱ्या दिवसाची सुरुवात थंड पायांनी चढावर होते. म्हणून पहिला अर्धा तास गावातल्या गल्ल्यांतून हळू फिरावं, देवळापर्यंत जाऊन यावं, आणि मग रस्त्याला लागावं.

राहण्याची सोय घरगुती घ्यावी. फोन करताना सायकलवरून येतोय हे आधीच सांगावं, कारण त्यावर बऱ्याच गोष्टी ठरतात. हर्ण्याजवळच्या एका घरी झालेलं बोलणं साधारण असं:

"काकू, आम्ही चौघं आहोत. सायकलवरून येतोय."

"सायकलवरून? अगो बाई, मुंबईहून? मग पोचणार कधी, उजेडी की काळोख पडल्यावर?"

"वेश्वीला उतरलो की फोन करतो."

"करा हां. म्हणजे भात तेव्हाच लावीन. आणि त्या दिवशी संकष्टी आहे, मासे नसतील आमच्याकडे. चालेल ना?"

चालवून घेतलं, पण दिवस एकानं पुढे सरकवला, कारण हर्ण्यात संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव लागतो आणि तो पाहून घरी येऊन साधा भात-आमटी जेवायचं कुणाच्याच मनाला पटेना.

खाण्याचा विचार सायकलच्या अंगानं केला तर कोकणानं सगळं आधीच करून ठेवलं आहे. घामातून मीठ जातं. त्यावर सिंधुदुर्गातली उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणच्याची फोड, याहून चांगली न्याहारी मला माहीत नाही. पोटाला हलकी, आणि पाणी-मीठ-पिष्ट तिन्ही एकदम. घावणे, आंबोळ्याही उत्तम. दुपारी सोलकढी, मीठ घातलेलं कोकम सरबत, जमेल तिथे शहाळं. मात्र सड्यावर तासतासभर दुकान लागत नाही. पट्टीवर निळ्या पेन्सिलीनं पाण्याच्या जागा मी यासाठीच दाखवतो: शाळा, ग्रामपंचायत, देवळाची विहीर. दोन बाटल्या सायकलला, तिसरी पिशवीत.

सड्याचा मोबदलाही आहे, आणि तो आखणीत धरला नाही तर हातून निसटतो. पूर्णगडची खाडी ओलांडून पुढे गेलं की कशेळी लागते. तिथल्या कातळावर हत्तीचं भलंमोठं शिल्प कोरलेलं आहे, लांबी अठरा मीटरांच्या घरात, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची दाटी. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पावसाळ्यात गवताखाली झाकलेली शिल्पं शरदात मोकळी होऊ लागतात, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात रेघांची खोली दिसते. भर दुपारी तेच शिल्प सपाट वाटतं. म्हणून पावस गावचा मुक्काम सोडायची वेळ मी कशेळीला नऊच्या आत पोचू अशी धरतो. गावातला माणूस सोबत घ्यावा आणि शिल्पावर पाय पडू देऊ नये.

सायकल कुठली, यावर लोक तासनतास बोलतात. माझं म्हणणं थोडक्यात: टायर पस्तीस-चाळीस मिलिमीटर रुंद, सर्वांत हलका गिअर खरोखर हलका, आणि ब्रेक भरवशाचे, कारण जेटीकडे उतरणारे रस्ते तीव्र असतात आणि त्यांच्या शेवटी पाणी असतं. पावसानं उखडलेल्या रस्त्यांची डागडुजी नोव्हेंबरातही पुरी झालेली नसते. गावोगावी सायकल दुरुस्त करणारे भेटतात आणि त्यांचा हात कसबी असतो, पण गिअरच्या सायकलचे सुटे भाग त्यांच्याकडे नसतात. ट्यूब, साखळीची जोडकडी, ब्रेकपॅड, मागचा डिरेलर धरणारा हँगर हे जवळ बाळगावं.

एक दिवस मोकळा हवाच. शरदातही समुद्र खवळतो. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं, आणि २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार चक्रीवादळाच्या पावसानं कापलेलं भात भिजवलं. अशा वेळी फेऱ्या थांबतात. हा राखीव दिवस मी गुहागरला ठेवतो. उत्तरेला दाभोळची फेरी, दक्षिणेला जयगडची, दोन्ही बंद पडल्या तरी चिपळूणचा रस्ता आणि तिथलं रेल्वे स्थानक हाताशी असतं. हवा चांगली असेल तर तोच दिवस सुरूच्या बनात आणि पाण्यात जातो.

परतीचं आधी ठरवावं. सुरुवातीला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत सायकल सहज जाते. शेवट तेवढा सोपा नाही. सावंतवाडी रोड किंवा कुडाळला बऱ्याच गाड्या दोन-तीन मिनिटं थांबतात, तेवढ्यात चार सायकली लगेज डब्यात चढवणं धावपळीचं होतं. तेरेखोलहून फेरीनं केरीला उतरून आणखी एक दिवस घालून मडगाव गाठलं तर गाडी जास्त वेळ थांबते आणि पार्सल कार्यालय मोठं आहे. आदल्या दिवशी जाऊन नोंदणी करायची, पेडल काढून पिशवीत ठेवायचे, हँडल आडवं वळवून बांधायचं. नाव-पत्त्याची चिठ्ठी दोन ठिकाणी लावायची, एक आडव्या दांड्याला आणि एक मागच्या कॅरिअरला, कारण उतरवताना एक हमखास फाटते.