मुकुट उतरल्यावर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंठ्यात माझा शिवणक्लास आहे. मागे एकदा क्लासमधल्या एका मुलीचे वडील भेटायला आले. मुलीला बारावीनंतर फॅशन पत्रकारितेचा कोर्स करायचा होता. त्यांनी सरळच विचारलं, "ताई, कपडे शिवणं समजलं, विकणं समजलं. कपड्यांवर लिहायचं, हे काय काम झालं?" कापूस विकून फी भरणाऱ्या माणसाचा प्रश्न, हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी त्यांना मेहेर कॅस्टेलिनो यांची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

'फेमिना' हे इंग्रजी नियतकालिक १९५९ साली निघालं. १९६४ मध्ये त्यांनी पहिली फेमिना मिस इंडिया स्पर्धा घेतली आणि मुकुट मुंबईच्या मेहेर यांना मिळाला. त्याच वर्षी मायामी बीचला भरलेल्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत त्या भारतातर्फे उतरल्या. तिथे ग्रीसची कोरिना त्सोपेई जिंकली. आपल्याला सौंदर्यस्पर्धा म्हटलं की सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांचं १९९४ साल आठवतं. त्याच्या तीस वर्षं आधीची ही हकिकत.

मुकुटाचं एक असतं, वर्षभराने तो दुसरीच्या डोक्यावर जातो. मग पुढे काय? १९६६ मध्ये मिस वर्ल्ड झालेल्या रीटा फारिया मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होत्या. त्या अभ्यासाकडे परतल्या आणि डॉक्टर झाल्या. मेहेर यांनी मॉडेलिंग केलं, आणि १९७३ मध्ये 'ईव्ह्ज वीकली'त त्यांचा पहिला लेख छापून आला.

१९७३ म्हटलं की माझ्या पोटात आजही गोळा येतो. बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा. मी चौदा वर्षांची, आईबरोबर खडी फोडायच्या कामावर. दुपारी सुकडी मिळायची. आईच्या अंगावर दंड घातलेलं लुगडं. नव्या मुलींना हे माहीत नाही म्हणून सांगते : लुगडं मधे विरलं की तेवढा भाग कापून काढायचा आणि राहिलेले दोन तुकडे जोडायचे, त्याला दंड घालणं म्हणतात. त्याच वर्षी मुंबईत कुणी फॅशनवर लेख लिहितंय असं मला तेव्हा कळलं असतं, तर मी दातओठ खाल्ले असते. आज तसा राग येत नाही. झीज कुठवर गेलीय, जोड कुठे दिसणार नाही, हे आई कापड बोटांत धरून ठरवायची. कापडाकडे असं बघता येणं ही विद्याच आहे, आणि ती शब्दांत मांडता येणं ही आणखी वेगळी.

मेहेर यांनी ते आयुष्यभराचं काम केलं. देशातल्या आणि परदेशातल्या मिळून सुमारे १३० वृत्तपत्रांत आणि मासिकांत त्यांचं लेखन आलं. पुरुषांच्या पोशाखावर त्यांनी 'मॅनस्टाइल' लिहिलं, पुढे 'फॅशन कॅलिडोस्कोप' लिहिलं. २००६ पासून त्या लॅक्मे फॅशन वीकच्या अधिकृत फॅशन लेखिका म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

त्यांनी लिहायला घेतलं तेव्हाचा काळ जरा डोळ्यांसमोर आणा. 'निफ्ट' ही संस्था दिल्लीत निघाली १९८६ ला. वेगवेगळ्या डिझायनरांचे कपडे एका छपराखाली विकणारं मुंबईतलं 'एन्सेम्बल' उघडलं १९८७ ला. म्हणजे धंदा नीट उभा राहण्याच्या कितीतरी आधी त्यावरचं लेखन सुरू झालं होतं. तयार कपड्यांची दुकानंही आजच्यासारखी गल्लोगल्ली नव्हती. वाचणारी बाई कापड घेऊन शिंप्याकडे जायची आणि मासिकातलं चित्र पुढे करायची. चित्रात समोरची बाजू दिसते. मुंढा किती खोल, कापड उरेब कापलंय की उभ्या धाग्यावर, अस्तर आहे की नाही, हे चित्र सांगत नाही. ते लिहिणाऱ्यानेच सांगायला हवं. सत्तरीत बेलबॉटम आली तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी शिंप्यांनी नुसत्या चित्रावरून पँटी कापल्या आणि गुडघ्यापासूनच घेर सोडायचा हे न कळल्याने त्यांचे पायजमे झाले!

फॅशन वीकमध्ये लेखिका काय करते, तेही सांगते. मॉडेल समोरून जाते ती काही क्षणांत. तेवढ्यात कापड, विण, रंग, कट, लांबी, भरतकाम, सगळं टिपायचं. पैठणी असेल तर तिच्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी का दिसते, ती छापलेली नसून मागावरच कशी विणली जाते, हे आधीपासून ठाऊक हवं. नाहीतर 'सुंदर साडी' एवढंच लिहून होतं, आणि तेवढं तर कुणीही लिहील.

हंगामाचंही तसंच. पाश्चात्त्य देशांत मुख्य दोन हंगाम, वसंत-उन्हाळा आणि शरद-हिवाळा. लॅक्मेच्या दोन हंगामांची नावं मात्र बराच काळ 'समर-रिसॉर्ट' आणि 'विंटर-फेस्टिव्ह' अशी असत. आपल्याकडे कपड्यांची खरी खरेदी थंडीमुळे होत नाही, सणांमुळे आणि लग्नांमुळे होते. म्हणून हा दुसरा सोहळा बराच काळ ऑगस्टमध्ये, दसरा-दिवाळीच्या आधी होत असे. मंठ्याच्या शिंप्याला हे कुणी शिकवायला नको. कापसाचा पैसा हातात आला की त्याच्याकडे रांग लागते.

ते वडील सगळं ऐकून म्हणाले, "पण पगार किती?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पगार मिळेलच अशी हमी कुणी देऊ नये. मी एवढंच म्हणाले, आधी हिला बघता येतं का ते पाहू.

तेव्हापासून शनिवारी क्लासमध्ये एक काम असतं. एकीने ब्लाउजचं वर्णन कागदावर लिहायचं. चित्र नाही, हातवारे नाहीत. दुसरीने ते वाचून कापायचं. पहिल्या शनिवारी त्याच मुलीने 'गळा छान गोल' असं लिहिलं, आणि मैत्रिणीने चांगला सात इंच खोल गळा कापून ठेवला. कापड वाया गेलं. पुढच्या शनिवारी तिच्या कागदावर गळ्याची खोली, रुंदी, पट्टीची जाडी, सगळं होतं. बाहीचं लिहायचं तेवढं राहिलं होतं.