शाळेसाठी तंबोरा घेताना



तंबोरा घेताना काय पाहावे, हा प्रश्न शहरातल्या गवयाला सहसा पडत नाही. त्याला गुरू असतात, गुरूंचे ठरलेले कारागीर असतात. प्रश्न पडतो तो आपल्या खेड्यातल्या शाळेला आणि भजनी मंडळाला. वर्गणी जमते, पेटीशेजारी एक तंबोरा असावा असे सर्वांना वाटू लागते, आणि मग दोघे जण एस. टी.ने जवळच्या शहरात जाऊन दुकानात जो सगळ्यांत मोठा आणि झगझगीत दिसेल तो उचलून आणतात. दुसऱ्यांना कशाला हसू? आम्हीही असेच केले होते.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या मूळ गावच्या शाळेतल्या मुलींना गाण्याचा नाद लागला होता. शिकवणाऱ्या बाई हौशी होत्या. मी कॉलेजात मराठी शिकवतो आणि थोडेफार गातो, म्हणून गावाने खरेदीला मला पुढे केले. एका शहरातल्या दुकानात आम्ही एक भला थोरला तंबोरा पसंत केला. दांडीवर पांढऱ्या वेलबुट्ट्या, पॉलिश असे की त्यात तोंड दिसावे. मुलींचा सूर होता पेटीतला काळी चार. त्या सुराला तारा चढवू लागलो, तर जोडाची तार तटकन तुटली. दुसरी घातली, तीही तुटली. मग सूर उतरवला काळी दोनवर. तंबोरा बोलू लागला, पण मुलींचे गळे बुडाले. खालचे स्वर त्यांना लागेनात, जोर करून लावू लागल्या तर घसा बसू लागला. सहावीतली एक चांगल्या आवाजाची मुलगी चार दिवसांनी म्हणाली, ‘सर, मला गाता येत नाही वाटतं,’ आणि यायचीच बंद झाली. पुढे पावसाळा लागला. भोपळ्यावरची रंगाखाली दडवलेली एक ठिगळपट्टी उकलली, आणि गावाने पै-पै करून जमवलेली वर्गणी कोपऱ्यात उभी राहिली.

त्यानंतर मी मिरजेला गेलो. आधीच जायला हवे होते.

मिरजेची माहिती पुष्कळांना असेल. तेथले तंतुवाद्यांचे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि झिलई देणारे. शस्त्रांचे दिवस सरले तसे त्यांतल्या काही घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्याचे काम हाती घेतले. पुढे मिरज हे गाण्याचेच गाव झाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुसकर शिकले ते येथेच, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांनी येथे घर केले. तंबोरा जुळवण्याच्या बाबतीत खाँसाहेब फार काटेकोर होते. 1937 साली ते गेले. दर्ग्यातली त्यांच्या स्मरणाची गाण्याची हजेरी आजही भरते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची बातमी आपण ऐकली असेल.

तर मी तिथल्या एका वयस्कर कारागिरापुढे बसलो आणि विचारले, ‘चाचा, चांगला तंबोरा कोणता?’ त्यांनी उत्तर दिले नाही. उलट मलाच विचारले, ‘सर, गाणार कोण? बाई का बुवा? आणि सूर कोणता?’

खरेदीची सुरुवात येथून व्हायला हवी होती. आम्ही ती दुकानाच्या काचेपासून केली होती.

पुरुषांच्या आवाजाचा तंबोरा, ज्याला मर्दानी म्हणतात, तो साधारण साडेचार ते पाच फुटांचा असतो. पुरुष बहुधा पांढरी एक ते काळी दोन एवढ्या पट्ट्यात गातात, त्या सुरांसाठी तो असतो. बायकांचा, म्हणजे जनानी, तंबोरा चार फुटांच्या आगेमागे असतो. तो काळी चार, काळी पाच अशा सुरांना जुळतो. यात मानापमानाचा काही भाग नाही. तार लांब आणि जाड, तर सूर खाली. आखूड आणि बारीक, तर सूर वर. विहिरीच्या रहाटाचा दोर सैल असताना टिचकी मारा आणि ताणून मारा, फरक कळेल. लांब तंबोऱ्यावर उंच सूर मागितला की तार तरी तुटते, नाहीतर तिचा ताण तबलीवर पडून तबली हळूहळू दबते. उलट लहान तंबोरा फार खाली उतरवला की तारा ढिल्या पडून घोडीवर नुसत्या फडफडतात. मोठा भोपळा म्हणजे मोठा आवाज ही आपली समजूतही अर्धीच खरी आहे. सुराला न जुळणारा मोठा भोपळा घुमतो, पण त्यातून नाद निघत नाही.

तेव्हा, गुरुजी, खरेदीला जाण्यापूर्वी आठ दिवस पेटी घेऊन बसा. ज्यांना गायचे आहे त्यांचा सूर काढा. ज्या स्वराला षड्ज धरल्यावर मूल खालच्या पंचमापर्यंत सहज उतरते आणि वरच्या षड्जापलीकडे दोन-तीन स्वर न ओरडता चढते, तो त्याचा सूर. वर्गात मुले-मुली दोन्ही असतील तर लहान वयात त्यांचे सूर जवळजवळ असतात, त्यामुळे शाळेला जनानी तंबोराच बरा पडतो. भजनी मंडळाचे गणित वेगळे. तिथे बुवांचा सूर पाहायचा. आणि वारीत गळ्यात अडकवून चालायचे असेल तर तंबोऱ्याच्या भानगडीत न पडता भजनी वीणाच घ्यावी. ती आटोपशीर असते, आणि मिरजेचे कारागीर तीही करतात.

आता भोपळा. तंबोऱ्याचा भोपळा भाजीचा नव्हे. तो कडू असतो, जाड सालीचा, आणि मिरजेला तो येतो मुख्यत्वे सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या रानांतून. तो काही महिने वाळवतात. मग पाण्यात भिजवून मऊ करतात, कापून आतला गर आणि बिया काढतात, आत काड्यांचा आधार देऊन आकार धरवतात आणि पुन्हा वाळवतात. पाऊस वेडावाकडा झाला की वेलाला भोपळा नीट धरत नाही. म्हणजे शेतकऱ्याचे जे दुखणे तेच गवयाचे. चांगल्या भोपळ्याची साल सगळीकडे सारखी जाड असते. ती पाहायची कशी? बोटाच्या पेराने हलकेच वाजवत भोपळ्याभोवती फिरा, जसे आपण माठ घेताना वाजवून पाहतो. आवाज एकसारखा कडक यायला हवा. मध्येच एखाद्या जागी ‘ठप्प’ असा बद्द आवाज आला तर तिथे भेग सांधली आहे किंवा साल पातळ आहे असे समजावे. मग तो भोपळा उन्हात तिरका धरून रंगाखाली रेघ दिसते का पाहावे. सांधलेला भोपळा वाईटच असतो असे नाही. चांगल्या कारागिराने सांधलेला वर्षानुवर्षे टिकतो. पण तसे त्याने सांगितले पाहिजे आणि किंमत त्याप्रमाणे घेतली पाहिजे. आमच्या दुकानदाराने सांगितले नव्हते.

भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी झाकणी ती तबली, वरचा लांब पोकळ भाग ती दांडी, आणि दोहोंना जोडणारा गळा. यांना लाकूड वापरतात ते बहुतेक तुणीचे. बाजारात त्याला लाल देवदार असेही म्हणतात, पण हिमालयातल्या देवदाराशी त्याचे नाते नाही. तुणीचे लाकूड तांबूस, वजनाला हलके, कोरायला सोपे, आणि किडीला सहसा बळी पडत नाही. हलकेपणाला महत्त्व अशासाठी की तारेचे कंपन घोडीतून तबलीत उतरायचे असते. तबली जड असेल तर तारेची शक्ती तिला हलवण्यातच संपते. सागवानी किंवा शिसवी वाद्य मजबूत खरे, पण दारे-खिडक्या आणि तंबोरा यांची लाकडे एकाच कसोटीवर पारखू नयेत. शिसवाची जागा खुंट्यांत. तेथे कठीणपणाच हवा. लाकडाचे रेषे तबलीवर सरळ उभे गेलेले असावेत, गाठ नसावी. आणि लाकूड मुरलेले असावे. ओल्या लाकडाचा तंबोरा पहिल्या उन्हाळ्यातच सांधे सोडतो. आपण पाहायला जाल तेव्हा वेलबुट्टीकडे शेवटी पाहा. तिचा आवाजाशी काडीमात्र संबंध नाही, किमतीशी मात्र आहे.

दांडीकडे लोक पाहतच नाहीत, आणि हाताचा संबंध तर तिच्याशीच येतो. एक डोळा मिटून दांडीच्या टोकाकडून सुतारासारखे खाली पाहा. ती जरा जरी वाकलेली किंवा पिळलेली दिसली तरी तंबोरा ठेवून द्या, कारण तारांच्या ओढीने तो बाक वाढतच जाणार. मग तंबोरा मांडीवर उभा घेऊन बसा. स्वतः नाही, ज्याला वाजवायचा आहे त्याला बसवा. अंगठा दांडीच्या कडेला टेकवून मधल्या बोटाने पहिली तार आणि तर्जनीने उरलेल्या तीन छेडायच्या असतात. बोटे मनगट न वळवता चारही तारांवर पोचली पाहिजेत. दांडी फार रुंद असली तर लहान मुलीचा हात दहा मिनिटांत भरून येतो आणि छेड एकसारखी राहत नाही. कधी तार जोरात वाजते, कधी राहूनच जाते. दुसरी गोष्ट, बसल्या जागी एका हाताने तार छेडत दुसऱ्या हाताने खुंट्यांपर्यंत पोचता येते का पाहा. पोचत नसेल तर ते मूल तंबोरा कधीच स्वतः जुळवणार नाही, आणि जुळवायला जो शिकला नाही तो अर्धे गाणे मुकला असे मी तरी समजतो. अशा वेळी तंबोरा जमिनीवर आडवा ठेवून वाजवायला मुळीच हरकत नाही. खुंट्या फिरवून पाहा. त्या झटके न देता फिरल्या पाहिजेत आणि सोडल्यावर जागीच राहिल्या पाहिजेत. किंचित सरकत असतील तर घाबरू नका. तुमच्याकडे खडूला काय तोटा? खुंटीला खडू घासला की ती धरते.

सर्वांत नाजूक भाग राहिला, तो जवारीचा. घोडीचा माथा वरवर सपाट दिसतो, पण त्याला अगदी बारीक उतार दिलेला असतो. तार त्यावर एका रेघेवर टेकत नाही, तर थरथरताना त्या उतारावर पुन्हापुन्हा घासत राहते. तारेखाली सुताचा एक धागा सारतात आणि तो तसूतसूने पुढे-मागे करतात; एका जागी तार एकदम ‘उघडते’ आणि भुंग्यासारखा भरदार नाद सुरू होतो. एकाच तारेतून वरच्या सुरांच्या छटा निघू लागतात, आणि चांगल्या जुळलेल्या खर्जातून न लावलेला गंधार ऐकू येतो. ही नुसती गवयांची भाबडी कल्पना नव्हे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात असताना 1921 साली या घोडीवर निबंध लिहिला. साध्या तारेला विशिष्ट जागी छेडले तर त्या जागेशी निगडित असलेले काही उपसूर उमटायला नकोत; तंबोऱ्यात मात्र तेही उमटतात, आणि याचे कारण घोडीचा तो उतार, हे त्यांनी दाखवले.

ही जवारी एका ठराविक सुरासाठी घासलेली असते. म्हणून कारागिराला आपला सूर आधी सांगावा आणि त्याच सुरात तंबोरा जुळवून ऐकावा. तिथल्या तिथे उठू नये. चहा येईपर्यंत वाजवत राहावे. पाच मिनिटांनीही चारही तारांचा नाद एकमेकांत मिसळलेला राहिला तर जवारी बरी आहे. घोडीवर पूर्वी हस्तिदंत किंवा सांबरशिंग बसवीत. त्यांचा व्यापार आता कायद्याने बंद आहे, तेव्हा कोणी ‘अस्सल हस्तिदंत’ म्हणून पुढे केले तर हात जोडावेत. हाडाची, शिसवाची किंवा कृत्रिम पदार्थाची घोडीही चांगली बोलते. रोज वाजवण्याने माथ्यावर तारांच्या खाचा पडतात आणि जवारी बंद होते. वर्षा-दोन वर्षांनी ती कारागिराकडून काढून घ्यावी लागते. हा खर्च वर्गणीतच धरून ठेवा.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, ‘सर, आता फोनमध्येच तंबोरा वाजतो, मग हा खटाटोप कशाला?’ प्रश्न रास्त आहे. एकट्याने रियाज करायला, प्रवासात, तो सोयीचा आहे, आणि जिथे पैसाच नाही तिथे बेसूर पेटीपेक्षा तो शंभर पटीने बरा. मीही वापरतो. पण त्यात सूर आयता मिळतो. दोन जोडाच्या तारा जवळ येताना त्यांच्यातली लाट हळूहळू मंदावत जाते आणि एका क्षणी विरून दोन्हींचा एकच सूर होतो, हे मुलाने स्वतःच्या हाताने खुंटी आणि मणी फिरवून ऐकायचे असते. ते ऐकले की कान तयार होतो.

आमच्या शाळेत दुसऱ्या खेपेस जनानी तंबोरा आला, तुणीचा, साधा, वेलबुट्टीशिवाय. चाचांनी दांडी थोडी अरुंद निवडून दिली. बाई त्या मुलीच्या घरी दोनदा गेल्या. तिसऱ्यांदा ती आली. काळी चारला षड्ज लावून दिला, तर पहिल्याच दिवशी अंतरा म्हणून मोकळी झाली. आधीचा तंबोरा चाचांकडेच दुरुस्तीला दिला होता. तो आता देवळातल्या भजनाला काळी एकमध्ये छान चालतो.

तंबोरा आणताना तारा दोन-तीन स्वर उतरवून घ्या, गादीत किंवा गोधडीत गुंडाळा, आणि एस. टी.च्या टपावर मुळीच टाकू नका. मिरज जंक्शनवरून गाडी असेल तर मांडीवर आडवा धरून बसा. शाळेत ओलीच्या भिंतीला टेकवू नका, खिडकीच्या उन्हातही नको. आणि नव्या तारा पहिले आठ-दहा दिवस रोज उतरत राहतील. त्या ताणून स्थिर व्हायला तेवढे दिवस लागतातच. तंबोऱ्यात खोट आहे असे समजून तो परत घेऊन येऊ नका.