सोल्डरिंग आयर्न निवडताना : वॅटपेक्षा टोक, तापमान आणि अर्थिंग महत्त्वाचे

इलेक्ट्रॉनिक्सचा छंद नव्याने जोपासणाऱ्यांचे मंडल अनेकदा बंद पडते ते आराखडा चुकल्याने नव्हे, तर डाख नीट न बसल्याने. वरवर पक्का दिसणारा, परंतु आतून न धरलेला जोड शोधून काढणे कठीण असते. म्हणूनच स्वस्त असले तरी योग्य सोल्डरिंग आयर्न निवडणे आवश्यक ठरते.

खरेदीच्या वेळी बहुतेकांचे लक्ष वॅटच्या आकड्याकडे जाते. मात्र वॅट म्हणजे तापमान नव्हे. उष्णता किती वेगाने पुरवली जाते, याचे ते माप आहे. ६० टक्के कथिल व ४० टक्के शिसे असलेला डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो आणि सुमारे १९० अंशांना पूर्ण द्रवरूप होतो. जोड दोन-तीन सेकंदांत पूर्ण व्हावा, यासाठी टोक साधारणतः ३२० ते ३५० अंशांवर ठेवले जाते. शिसेविरहित डाखाला याहून अधिक तापमान लागते.

साध्या आयर्नमध्ये तापमानावर नियंत्रण नसते. लहान घटक आणि बारीक तारांसाठी २५ वॅटचे आयर्न पुरेसे आहे. नियंत्रणाविना ६० वॅटचे आयर्न जाड तारांना उपयुक्त असले, तरी त्याच्या अतिउष्णतेने सर्किट बोर्डावरील तांब्याची पट्टी उखडू शकते. तापमान नियंत्रित करणारे आयर्न उत्तम. परंतु केवळ फिरवायची कळ असणे पुरेसे नाही. काही स्वस्त आयर्नमध्ये ती फक्त वीजपुरवठा कमी-अधिक करते. तापमान मोजणारा संवेदक आत आहे का, हे विक्रेत्याला विचारून घ्यावे.

टोक, म्हणजेच बिट, बदलता येणारे असावे आणि ते स्थानिक बाजारात सुटे मिळावे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची बुधवार पेठ, दिल्लीचे लाजपत राय मार्केट किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट येथे याची खातरजमा करता येते. अणकुचीदार टोकापेक्षा छिन्नीसारखे चपटे टोक उष्णता अधिक चांगली पोहोचवते. लोहाचा मुलामा असलेले टोक कानशीने घासू नये. मुलामा गेल्यास आतील तांबे डाखात विरघळून झिजू लागते. ओल्या स्पंजाने पुसून टोकावर डाखाचा पातळ थर ठेवावा.

सुरक्षिततेत तडजोड नको. तीन पिनांच्या प्लगचे आयर्न घ्यावे. प्लग काढलेला असताना त्याची अर्थ पिन व टोक यांतील रोध मल्टीमीटरने मोजावा. तो जवळजवळ शून्य असायला हवा. फ्लक्सचा धूर श्वसनमार्गास अपायकारक असल्याने खोली हवेशीर असावी. शिसे हातांना लागत असल्याने काम संपताच हात साबणाने धुवावेत.

खर्चाची मर्यादा असल्यास अर्थिंग, सुटे मिळणारे टोक आणि मजबूत स्टँड यांना प्राधान्य द्यावे. तापमान नियंत्रण त्यानंतर. काही शे रुपयांचे साधे आयर्नही या निकषांवर उतरले, तर वर्षानुवर्षे साथ देते.