शिक्षणात खंड पडला, आता स्कॉलरशिपचं काय?



जून उजाडला, की आमच्या निपाणीत पावसाबरोबर ॲडमिशनची धावपळ सुरू होते. झेरॉक्सच्या दुकानात रांग, नाडकचेरीत रांग, बँकेत रांग. या रांगांत दरवर्षी काही मुलं-मुली जरा बाजूला उभी असतात. ती बारावी होऊन नुकती आलेली नसतात. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांनी कॉलेज सोडलेलं असतं, आता परत यायचं असतं आणि विचारायचं कुणाला, हे कळत नसतं.

मी कॉलेजच्या ऑफिसात बरीच वर्षं स्कॉलरशिपचं टेबल सांभाळलं. निवृत्त झाले तरी आळीतली मंडळी कागदांची पिशवी घेऊन घरी येतात. त्यांचे प्रश्न इतके सारखे असतात, की आपल्या मंडळाच्या अंकात एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं.

२०२५ च्या जूनमध्ये अशाच एक विडी कामगार बाई लेकीला घेऊन आल्या. मुलगी बी.कॉम.ची. २०२१-२२ साली पहिलं वर्ष, दोन्ही सेमिस्टर, पहिल्याच प्रयत्नात पास. मग वडील आजारी पडले, ती आईबरोबर विड्या वळायला बसली आणि दुसऱ्या वर्षाला नाव घालायचं राहूनच गेलं.

"मॅडम, खरं सांगा," आई म्हणाल्या. "पोरगीनं कॉलेज सोडून तीन वर्सं झाली. आता सरकार पैसं देतंय व्हय? का नाव काढून टाकलं असंल?"

"नाव कोण काढतंय, मावशी? आधी मार्कशीट दाखवा," मी म्हटलं.

मार्कशीटच आधी का मागितली, ते सांगते.

नियम खंडाबद्दल काय म्हणतो?

आपल्याकडे सगळ्यात जास्त मुलांना लागू होणारी योजना म्हणजे पोस्ट-मॅट्रिक स्कॉलरशिप. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी घरच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा. साध्या पदवीला घरून ये-जा करणाऱ्याला वर्षाला ३,००० आणि हॉस्टेलवर राहणाऱ्याला ६,००० रुपये भत्ता, शिवाय परत न मिळणारी सक्तीची फी. कर्नाटकात हा अर्ज एसएसपी म्हणजे स्टेट स्कॉलरशिप पोर्टलवर भरतात.

या योजनेत स्कॉलरशिप दरवर्षी पुढे चालू ठेवायची मुख्य अट ही आहे: विद्यार्थी वरच्या वर्गात गेला पाहिजे. किती वर्षं घरी बसलात, यापेक्षा पुढच्या वर्गात गेलात का, हे महत्त्वाचं. म्हणून खंड पडलेल्या मुलांचे मी दोन गट करते.

पहिला गट, मागचं वर्ष पास होऊन थांबलेल्यांचा. ही मुलं परत आली की वरच्या वर्गात बसतात. त्यांची बाजू भक्कम असते.

दुसरा गट, नापास होऊन किंवा परीक्षाच न देता थांबलेल्यांचा. त्यांना त्याच वर्गात पुन्हा बसावं लागतं आणि त्या वर्षाचा खर्च बहुतेक वेळा स्वतः करावा लागतो. वरच्या वर्गात गेल्यावर वाट पुन्हा मोकळी होते. यात एक सूट आहे. आजारपणामुळे किंवा अचानक आलेल्या अडचणीमुळे परीक्षा बुडाली असेल, तर डॉक्टरचा दाखला आणि पुरावा देऊन प्राचार्यांची खात्री पटवता येते. म्हणून दवाखान्याचे कागद कधीही टाकून देऊ नका.

आणखी एक अडसर लक्षात ठेवा. एक पदवी पूर्ण करून त्याच पायरीवरची दुसरी पदवी, म्हणजे बी.ए. झाल्यावर बी.कॉम., घेतली तर ही स्कॉलरशिप मिळत नाही.

पैसे परत मागतील ही भीती

अर्ध्यातून कॉलेज सोडलेली बरीच मुलं ऑफिसची पायरीच चढत नाहीत. स्कॉलरशिप घेतली आणि जानेवारीत कॉलेज सोडलं, आता गेलो तर वसुली करतील, असं त्यांना वाटतं. भीती अगदी निराधार नाही. वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडलं तर रक्कम परत मागण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. पण तो अधिकार आहे, आपोआप होणारी वसुली नव्हे. घरात काय घडलं ते लिहून, पुरावा जोडून अर्ज दिला तर त्यावर विचार होतो. तोंड लपवून बसलं तर काहीच होत नाही, आणि शिक्षण मात्र कायमचं सुटतं.

आमच्या या मुलीने पहिल्या वर्षाचा निकाल हातात घेऊन कॉलेज सोडलं होतं. दुसऱ्या वर्षाचा एक रुपयाही तिने घेतला नव्हता. त्यामुळे तिला ही चिंता नव्हती.

आईच्या विडी कार्डाचं मोल

निपाणी म्हणजे तंबाखू, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी इथे हमरस्ता अडवला होता. त्याच सुमारास वखारींतल्या आणि विड्या वळणाऱ्या बायकाही संघटित झाल्या. त्या पिढीच्या नाती आज कॉलेजात आहेत आणि त्यांच्यासाठी केंद्रीय कामगार मंत्रालयाची वेगळी शैक्षणिक मदत आहे. आई किंवा वडील किमान सहा महिने विडी कामगार असावेत आणि घरचं उत्पन्न महिन्याला १०,००० रुपयांच्या आत असावं. पदवीला वर्षाला ६,००० आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला २५,००० रुपये मिळतात. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा.

इथे मात्र अट कडक आहे: मागची परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पास पाहिजे. बाहेरून शिकणाऱ्यांना ही मदत नाही. आमची मुलगी या अटीत बसत होती. पण दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणून वही-पेन घेऊन हिशेब केला. पोस्ट-मॅट्रिकमध्ये भत्ता कमी पण फी मिळते, विडी कार्डावर ठरलेली रक्कम मिळते. जिथे फी जास्त, तिथे पहिली योजना परवडते. हा हिशेब प्रत्येक घराने आपापला करायचा.

वेशीपलीकडचं कॉलेज

आता खास आपल्या सीमाभागाचा प्रश्न. निपाणीच्या माणसाला अर्जुननगर म्हणजे गावातलंच. पण तिथलं देवचंद कॉलेज कागदावर कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात, शिवाजी विद्यापीठाखाली येतं. निपाणीतलंच बागेवाडी कॉलेज मात्र बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचं. चालत जाण्याच्या अंतरावर दोन राज्यं, दोन विद्यापीठं.

खंड पडलेली मुलं म्हणतात, आता मराठीतून शिकायचंय, पलीकडे जाते. जरूर जावं. पण तीन गोष्टी समजून घेऊन. एक, विद्यापीठ बदललं की मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं आणि आधीचे विषय तिथे चालतात का, हे तपासलं जातं. दोन, पोस्ट-मॅट्रिकचे पैसे विद्यार्थी ज्या राज्याचा कायम रहिवासी, ते राज्य देतं. कॉलेज महाराष्ट्रात असलं तरी निपाणीच्या मुलीचा अर्ज कर्नाटकातूनच. तीन, परवानगी न घेता कॉलेज किंवा विषय बदलला तर चालू स्कॉलरशिप रद्द होऊ शकते. आधी अर्ज, मग बदल.

अलीकडेच राहणाऱ्या मुलींना आणखी एक फायदा आहे. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही. रोज चिकोडीहून किंवा संकेश्वरहून येणाऱ्या मुलीच्या घरी याचं मोल विचारा.

अभ्यासक्रम बदललाय

२०२१-२२ साली कर्नाटकात नव्या धोरणाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आला आणि २०२४-२५ पासून राज्य पुन्हा तीन वर्षांच्या पदवीवर गेलं. मधल्या काळात घरी बसलेल्यांचे विषय त्यामुळे जुळत नाहीत. अशा वेळी कॉलेजकडून विद्यापीठाला लेखी विचारून घ्यावं. आमच्या मुलीला तिसऱ्या सेमिस्टरला बसवायचं ठरलं, पण ते लेखी हातात आल्यावरच आम्ही स्कॉलरशिपचा फॉर्म उघडला. पदवी पूर्ण करायला किती वर्षं मिळतात, हे प्रत्येक विद्यापीठ ठरवतं. ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा झालेली क्रेडिट्स जास्तीत जास्त सात वर्षं चालतात. म्हणून 'पुढच्या वर्षी बघू' असं म्हणताना बोटं मोजा.

आपले काही सभासद परदेशात आहेत, त्यांना हे ओळखीचं वाटेल. अमेरिकेत पेल ग्रँट आयुष्यात साधारण बारा सेमिस्टरपुरती मिळते. मधली सुट्टी त्यात मोजत नाहीत, वापरलेली सेमिस्टर मोजतात.

लग्न झालेल्या मुली

सासरहून परत शिकणाऱ्या मुलींची संख्या वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट. पोस्ट-मॅट्रिकच्या नियमात नोकरी नसलेल्या विवाहितेसाठी नवऱ्याचं उत्पन्न धरतात. दिराचं, सासऱ्याचं नाही. म्हणून दाखला त्याप्रमाणे काढा. लग्नानंतरचं नाव आधारवर एक आणि मार्कशीटवर दुसरं, हा घोटाळा आधी निस्तरा. घर सोडून रोज जाणं जमत नसेल तर मुक्त विद्यापीठ आहे, आणि केंद्राच्या पोस्ट-मॅट्रिक नियमांत बाहेरून शिकणारेही बसतात.

जाण्याआधी हे करा

१. जुन्या कॉलेजातून टीसी, सगळ्या मार्कशीट आणि जुना रजिस्टर नंबर घ्या.
२. कोणत्या वर्गात, कोणत्या सेमिस्टरला बसवणार, हे लेखी घ्या.
३. खंड का पडला याचं ॲफिडेव्हिट करा. कारण खरं लिहा.
४. नाडकचेरीतून काढलेल्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत पाच वर्षं असते. जुना दाखला तपासा.
५. बँक खातं चालू आहे का, आधारशी जोडलंय का, पाहा. पैसे थेट खात्यात येतात आणि वापर नसल्याने बंद पडलेल्या खात्यात अडकतात.
६. मराठी, कन्नड आणि इंग्रजी कागदांवर नावाचं स्पेलिंग एक आहे ना, बघा. आपल्या भागात सगळ्यात जास्त फॉर्म यातच अडकतात.

मंडळाच्या प्रत्येक गावातल्या शाखेने जूनमध्ये चार रविवार एक टेबल मांडलं, तर हे काम सोपं होईल. फार शिकलेलं माणूस लागत नाही. कन्नड वाचता येणारं एक आणि फोनवर फॉर्म भरता येणारं एक, एवढं पुरे. ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज, दुपारनंतर आईबरोबर विड्या. तुमच्या ओळखीत असं कुणी घरी बसलं असेल, तर ॲडमिशनची तारीख जायच्या आत त्यांना एवढंच विचारा: शेवटची पास झालेली मार्कशीट कुठे आहे?