प्रसूतिगृहास नेण्याचे गाठोडे

दिवस भरत आले म्हणजे घरात साऱ्या गोष्टींची बोलणी होतात. गाठोड्याची आठवण मात्र गाडी दारात उभी राहिल्यावर होते. आमच्या परिचयाच्या एका घरी असेच घडले. ऐन वेळी घरधन्याने पेटीत हात घातला आणि हाती आला तो जरीचा शालू व पाठीमागे हुका असलेली चोळी घेऊन तो निघाला! बाळ भुकेने रडू लागले, तेव्हा त्या माउलीचे किती हाल झाले असतील, हे बायकांना सांगावयास नको.

प्राणहितेच्या काठच्या बेज्जूर भागात (पूर्वीचा आदिलाबाद, २०१६ पासून कोमरम भीम आसिफाबाद जिल्हा) मराठी बोलणारी घरे आहेत. पावसाळ्यात ओढे भरले म्हणजे तेथील वाटा अडतात. विसरलेली वस्तू आणावयास घरी परत कोण जाणार? तेलंगण सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या योजनेत आईला साड्या, बाळाला कपडे व मच्छरदाणी असलेली पेटी मिळत असे. पण ती बाळंतपण झाल्यावर. आधीच्या वेळेचे काय?

नऊवारी आम्हांस प्रिय आहे. परंतु नर्सबाईंना वरचेवर पोट व रक्तस्राव पाहावा लागतो, तेथे कासोट्याची अडचणच होते. सैल, सुती, पुढून उघडणारा झगा किंवा धुऊन मऊ झालेली सहावारी बरी. रंग गडद असावा, म्हणजे डाग पडला तरी बाई संकोचत नाही. शस्त्रक्रिया झाल्यास परकराची नाडी नेमकी टाक्यांवर येते. म्हणून झगाच सोयीचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून येते व नेहमीची चोळी आवळू लागते. तेव्हा एक माप मोठी, पुढे हुका असलेली चोळी घ्यावी. सरकारी इस्पितळात साध्या प्रसूतीला तीन आणि शस्त्रक्रियेला सात दिवसांपर्यंत आईला मोफत जेवण देण्याची योजना २०११ पासून आहे. कपड्यांचे जोड त्याच हिशेबाने मोजावेत. उन्हात कडक वाळवलेली जुनी सुती फडकीही पुष्कळ हवीत.

जन्माआधी बाळाचे कपडे शिवू नयेत, असे काही आजीबाई म्हणतात. त्यांचे मन कशाला दुखवा? नव्या कापडाची खळ कोवळ्या कातडीला टोचतेच. आजोबांच्या जुन्या धोतराची दुपटी व लंगोट, थोरल्या भावंडाची झबली व टोपडी स्वच्छ धुऊन ठेवली की झाले. झबल्याला बंद असावेत, टाचण्या नकोत. उपजलेल्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते व तेथून ऊब फार जाते, म्हणून टोपडे विसरू नये. पहिली आंघोळ निदान चोवीस तास लांबवावी आणि बाळाला कोरडे करून आईच्या उघड्या छातीशी ठेवून वरून दोघांना पांघरूण घालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या भागातली थंडी कडक, तेव्हा पौषात लोकरीचे दुपटे हवेच; वैशाखात मात्र त्याच दुपट्याने बाळ तापून निघेल.

पवित्र मरियेने बेथलेहेमात बाळाला बाळंत्यांत गुंडाळल्याचे संत लूक सांगतो. ती बाळंती तिने नासरेथहूनच बांधून नेली असावीत, असे आम्हांस नेहमी वाटते.

गाठोडे आठव्या महिन्यातच बांधून खुंटीला अडकवावे. आणि ती खुंटी कोणती, हे घरधन्यालाही दाखवून ठेवावे.