शून्य व्होल्ट म्हणजे बॅटरी मेली असे नाही!



आपल्या मंडळातल्या आम्हा तीन कुटुंबांची मिळून एक जुनी कॅम्पर व्हॅन आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. गणेशोत्सवाची भांडीकुंडी हॉलवर येतात ती तिच्यातूनच. नोव्हेंबरच्या मध्यावर आम्ही ती झाकून ठेवली आणि मार्चअखेर, ईस्टरच्या सुट्टीत स्कॉटलंडला जायचे म्हणून उघडली. ना दिवा लागेना, ना पाण्याचा पंप, ना फ्रिज. मागच्या लिथियम बॅटरीला मीटर लावला तर ०.४ व्होल्ट!

एरवी आम्ही टॉर्चवर भागवले असते. पण या वेळी पुण्याहून आलेल्या आजी बरोबर होत्या आणि त्यांचे इन्सुलिनही. न उघडलेली इन्सुलिनची पेने २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. म्हणजे फ्रिज रात्रभर चालणे ही काही चैन नव्हती.

एका दुकानदाराने फोनवरच सांगून टाकले, "फेकून द्या, नवीन घ्या." घरच्या तज्ज्ञांचे म्हणणे, "जंप लीड लावा आणि जोरात चार्ज करा." दोन्ही सल्ले घाईचे होते. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

आत काय असते?

कॅम्पर व्हॅनमधली लिथियम बॅटरी बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची असते. या रसायनाचा शोधनिबंध १९९७ साली टेक्सास विद्यापीठातून प्रसिद्ध झाला. त्यावर जॉन गुडइनफ यांच्याबरोबर पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत, हे जाता जाता अभिमानाने सांगावेसे वाटते. गुडइनफ यांना पुढे २०१९ चे नोबेल विभागून मिळाले.

१२ व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी ३.२ व्होल्टचे चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात. त्यांच्यावर एक इलेक्ट्रॉनिक राखणदार बसवलेला असतो. त्याचे नाव बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, थोडक्यात बीएमएस. एखादा सेल साधारण २.५ व्होल्टच्या खाली जाऊ लागला की हा राखणदार दार लावून घेतो. मग बाहेरच्या टोकांवर जवळजवळ शून्य दिसते, पण आत सेलमध्ये जीव असू शकतो. मीटर दाराबाहेरचे सांगतो, घरातले नाही.

मग बॅटरी उतरली कशी?

सगळी बटणे बंद होती. पण गॅसचा अलार्म, कंट्रोल पॅनेल आणि रेडिओची मेमरी थोडी थोडी वीज पीत होती. आम्ही नंतर मोजली तर ६० मिलिअँपिअर. दिवसाला सुमारे १.४ अँपिअर-तास, म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी ७० दिवसांत रिकामी! जानेवारीअखेर राखणदाराने दार लावले असणार. त्यानंतर तो स्वतःही सेलमधूनच थोडी वीज घेत राहतो. म्हणून अशी बॅटरी जितके दिवस तशीच पडून राहील, तितका धोका वाढतो.

धोका कसला?

लोडशेडिंगच्या दिवसांत आपल्याकडे इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर टाकायचे, दोन दिवस चार्जिंगला लावायचे आणि काम भागायचे. ती सवय इथे विसरावी. लिथियमचा सेल फारच खाली गेला तर त्याच्या आतला तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो. पुन्हा चार्ज करताना ते तांबे भलत्याच जागी जमते आणि आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकते. वरून बॅटरी छान दिसते आणि चार दिवसांनी, आपण तिच्याशेजारी झोपलेलो असताना, तापू लागते. आयर्न फॉस्फेट इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा शांत स्वभावाची खरी, पण निर्धोक नव्हे.

आम्ही काय केले?

१. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह वायर काढून बॅटरी व्हॅनमधून बाहेर घेतली. फुगवटा, तडा, गोडसर किंवा रसायनासारखा वास, यांपैकी काहीही असते तर तिथेच थांबलो असतो.

२. घरात न नेता गॅरेजच्या काँक्रीटच्या फरशीवर ठेवली आणि १० अंशांच्या वर येऊ दिली. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी कधीही चार्ज करू नये. आत धातूरूप लिथियम जमते आणि सेल कायमचा बिघडतो.

३. व्हॅनमधल्या चार्जरला समोर व्होल्टेजच दिसेना, म्हणून तो सुरूच होईना. ज्यात लिथियम बॅटरी 'जागी' करण्याची सोय आहे, असा चार्जर एका मित्राकडून आणला. त्याने बारीकसा प्रवाह दिल्यावर बीएमएसने दार उघडले.

४. लगेच मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये चारही सेल पाहिले. सर्वांत कमी २.३८, सर्वांत जास्त २.४४ व्होल्ट. चौघे जवळजवळ आणि २ व्होल्टच्या वर, म्हणून पुढे जायचे ठरवले. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा फार खाली असता तर नाद सोडला असता.

५. आधी फक्त २ अँपिअरने, १२ व्होल्ट पार होईपर्यंत. मग १० अँपिअरने, १४.४ व्होल्टपर्यंत. सगळा वेळ कोणीतरी जवळ होते आणि अधूनमधून हात लावून पाहत होते. रात्री झोपण्यापूर्वी चार्जर बंद.

बीएमएसला वळसा घालून थेट सेलला वायर लावण्याचे व्हिडिओ बरेच आहेत. ते मुळीच करू नका. राखणदाराला बांधून ठेवून घरात शिरण्यासारखे आहे ते.

खरी परीक्षा नंतर

पूर्ण चार्ज झाली म्हणजे बरी झाली असे नाही. एक दिवस काहीही न जोडता ठेवली, १३.४ व्होल्टवर टिकून राहिली. मग ठरावीक भार लावून पूर्ण उतरवून पाहिली: ९३ अँपिअर-तास मिळाले. व्होल्टेज आपोआप घसरले असते किंवा अंग गरम लागले असते, तर कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्राला फोन करून तिथे नेऊन दिली असती. घरच्या कचऱ्याच्या डब्यात मात्र कदापि नाही.

एवढे करूनही आजींच्या औषधासाठी बर्फाच्या पिशव्यांची कूल बॅग बरोबर घेतली आणि पहिल्या दोन रात्री विजेची जोडणी असलेल्या कॅम्प साइटवर काढल्या. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे!

पुढच्या हिवाळ्यासाठी

बॅटरी निम्मी भरलेली ठेवा, वायर काढा किंवा मुख्य स्विच बंद करा आणि दर दोन महिन्यांनी एकदा व्होल्टेज पाहा. आम्ही दिवाळीच्या फराळाच्या यादीखालीच "व्हॅनचा स्विच" असे लिहून फ्रिजवर चिकटवले आहे.

तुमचीही व्हॅन बाहेर उभी असेल, तर आजच जाऊन पाहा. शुभास्ते पन्थानः सन्तु!