कपाटात ठेवलेल्या बुटाचा भुगा का होतो?

आजचा भाग ज्यांना ऐकण्याऐवजी वाचायचाय, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर.

गोष्ट राजमाचीची. दोन पावसाळे कपाटात पडून असलेले ट्रेकिंगचे बूट मी बाहेर काढले. जेमतेम तीन ट्रेक झालेले, दिसायला एकदम नवे. गड उतरताना उजव्या बुटाचा सोल सुटला आणि आतला थर बिस्किटासारखा चुरत हातात आला. उरलेली वाट मी बुटाला नाडी गुंडाळून उतरलो. घरी आल्यावर एकच प्रश्न : न वापरलेली वस्तू खराब झालीच कशी?

तो थर होता पॉलियुरेथेनचा. आता तुमच्या मोबाईलचं मऊ कव्हर काढून जरा वाकवा. बहुतेक तेही त्याच घराण्यातलं असणार, टीपीयू. वाकवलं की वाकतं, सोडलं की पुन्हा जागेवर. अशा रबरासारख्या पदार्थाला इलॅस्टोमर म्हणतात.

जर्मनीत लेव्हरकुसेनला ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये पॉलियुरेथेनची रसायनक्रिया शोधली. इलॅस्टोमरच्या रेसिपीत मुख्य तीन गोष्टी असतात. पॉलिऑल म्हणजे लांब, लवचिक साखळी, टोकांना ओएच गट. डायआयसोसायनेट म्हणजे छोटा रेणू, दोन्ही टोकांना एनसीओ गट. ओएच भेटला की एनसीओ त्याला जोडला जातो. तिसरा चेन एक्स्टेंडर, म्हणजे ब्युटेनडायॉलसारखा छोटा जोडरेणू.

एका पद्धतीत आधी पॉलिऑलमध्ये जास्तीचं डायआयसोसायनेट घालतात. त्याने साखळ्यांच्या टोकांना एनसीओ बसतो. मग चेन एक्स्टेंडर घालून या साखळ्या एकमेकींना जोडतात. माल मात्र कोरडा हवा. पाणी शिरलं तर एनसीओ पाण्याशीच क्रिया करतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि बुडबुडे होतात. फोम हवा असेल तेव्हा हेच पाणी मुद्दाम घालतात.

आता खरी गंमत. तयार साखळीत पॉलिऑलचा मऊ भाग आणि बाकी दोघांचा कडक भाग आलटून पालटून येतो. या दोघांचं आपसात पटत नाही. कडक भाग हायड्रोजन बंधांनी एकत्र येऊन बारीक गठ्ठे करतात, मऊ भाग त्यांच्यामध्ये मोकळे राहतात. ताण दिला की मऊ भाग लांबतात, गठ्ठे मात्र साखळ्यांना घसरू देत नाहीत. म्हणून ताण सोडला की वस्तू मूळ आकारात येते. कडक भागाचं प्रमाण वाढवलं की पदार्थ टणक होतो, पण कमी ताणला जातो. टीपीयू तापवलं की हे गठ्ठे सुटतात, म्हणूनच ते वितळवून साच्यात ओतता येतं.

मग माझा बूट कुठे फसला? पॉलिऑलच्या निवडीत. पॉलिऑल मुख्यतः दोन जातींचे असतात, पॉलिएस्टर आणि पॉलिईथर. पॉलिएस्टरवाला माल झिजेला आणि तेलाला चांगला टिकतो, मजबूतही असतो. पण त्यातले एस्टर बंध पाणी हळूहळू तोडतं. याला हायड्रोलिसिस म्हणतात. बंध तुटला की आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल पुढची तोडफोड आणखी वेगात करतं. साखळ्या तुकडे तुकडे झाल्या की ताकद संपली. त्यासाठी बूट भिजायलाही लागत नाही, हवेतला दमटपणा पुरतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटात तो भरपूर असतो. पॉलिईथरवाला माल पाण्यापुढे जास्त टिकाव धरतो.

म्हणजे बूट झिजला नव्हता, आतून तुटत होता. बाहेरून काहीच दिसलं नाही.

म्हणून जुने बूट घालून थेट गडावर जाऊ नका. आधी सोलच्या वरचा जाड थर अंगठ्याने जोरात दाबा, बूट वाकवून बघा. भेगा पडल्या, चिकट लागलं किंवा चुरा निघाला, तर ते बूट घरीच ठेवा. बूट ओले ठेवू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तर नकोच. हवेशीर, कोरड्या जागी ठेवा.

ट्रेकला निघालेला मित्र असेल तर त्याला हा भाग आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात!